महोगनीवाचून गिटार अडत नाही

घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची म्हटलं की सल्ला ठरलेला: महोगनीचंच लाकूड आणा, नाहीतर आवाज मार खाईल. हे खरं नाही. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज येतो तो पिकअपमधून. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तांब्याची तार. ती पोलादी तारेचं कंपन टिपते. लाकडाचा परिणाम झालाच तर थोडा. पिकअप तारेपासून किती खाली बसवलाय, यानं जास्त फरक पडतो.

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ पासून वडिलांसोबत घरीच घडवलेली गिटार पाहा: मान घरातल्या जुन्या फायरप्लेसच्या चौकटीच्या लाकडाची, ट्रेमोलोला (तारा सैल-ताठ करून सूर हलवणाऱ्या दांडीला) मोटारसायकलच्या स्प्रिंगा! तीच पुढे जगभर वाजली.

जीव ओता तो मापात. स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, ६४८ मिलिमीटर असेल तर बारावी फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) नटपासून, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, बरोबर ३२४ मिलिमीटरवर हवी. दोन मिलिमीटर सरकली, तरी सूर कानाला खटकतो.