एंझाइम उत्पादन: फ्लास्कपासून कारखान्यापर्यंत कोणता अर्ज कधी करायचा

फ्लास्कमध्ये भरभरून एंझाइम देणारा जिवाणू हजार लिटरच्या फर्मेंटरमध्ये (जिवाणू वाढवायच्या टाकीत) गेला की रुसतो. ऑक्सिजन पुरत नाही, तापमान चढतं, फेस वर येऊन हवा बाहेर सोडणारा फिल्टर ओला करतो. फेस मारायला जास्त अँटिफोम घातलं, तर तेच पुढे अल्ट्राफिल्ट्रेशनच्या, म्हणजे एंझाइम गाळून वेगळं करणाऱ्या, पटलावर बसतं. या अडचणींतून तांत्रिक माणसं वाट काढतातच. प्रकल्प रखडतो तो बऱ्याचदा कागदांचा क्रम उलटा लावल्यामुळे. बहुतेकजण आधी अनुदानाच्या मागे लागतात आणि जिवाणू कुठून आणला हे नंतर आठवू लागतात. माझ्या मते आधी जिवाणूचे कागद, मग पैसा, मग कारखाना.

समजा, तुम्हाला लोणार सरोवरातल्या जिवाणूपासून डिटर्जंटसाठी अल्कधर्मी प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं एंझाइम) बनवायचं आहे. तिथल्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असल्याने असे जिवाणू तिथे मिळतात. पण लोणार हे अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्यामुळे नमुना घेण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी हवी. ती नसेल तर पुढचे सगळे कागद लंगडे पडतात.

जैवविविधता कायदा. २००२ च्या या कायद्यात सूक्ष्मजीवही 'जैविक संसाधन' मानले जातात. व्यावसायिक वापरासाठी ते मिळवण्याआधी भारतीय कंपनीने राज्य जैवविविधता मंडळाला पूर्वसूचना द्यायची असते. महाराष्ट्राचं मंडळ नागपूरला आहे. कोणता जिवाणू, कुठून, किती आणि कशासाठी, ही माहिती आधीच तयार ठेवा. कंपनीचं नियंत्रण परदेशी व्यक्तीकडे असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. पूर्वी भागभांडवलात किंवा व्यवस्थापनात थोडासा परकीय सहभाग असला तरी हा नियम लागू व्हायचा. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कसोटी नियंत्रणाची झाली. जिवाणू पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहातून घेतला असेल, तर पावती, सामग्री हस्तांतरण करार आणि मूळ ठिकाणाची नोंद एकाच फाइलमध्ये लावा.

पेटंट. निसर्गात सापडलेला जिवाणू जसाच्या तसा पेटंट होत नाही. प्रक्रिया किंवा बदललेला जिवाणू यांसाठी अर्ज करता येतो. जिवाणूचं वर्णन शब्दांत पुरेसं होत नसेल आणि तो लोकांना उपलब्ध नसेल, तर अर्जाच्या तारखेपर्यंत त्याचा नमुना बुडापेस्ट करारानुसार (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्यता असलेल्या केंद्रात जमा झालेला हवा. चंडीगडचं एमटीसीसी आणि पुण्याचं एमसीसी ही अशी केंद्रं आहेत. संसाधनाचा उगम आणि भौगोलिक ठिकाणही अर्जात लिहावं लागतं. भारतीय अर्जदाराने पेटंट मंजूर होण्यापूर्वी राष्ट्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी करायची आणि उत्पादन बाजारात आणताना मंजुरी घ्यायची, अशी आताची तरतूद आहे.

जनुक बदलला असेल तर. जंगली जिवाणू कमी एंझाइम देतो, म्हणून त्याचं जनुक दुसऱ्या यजमान जिवाणूत घालतात. असं केलंत की जनुक बदललेल्या जीवांबाबतचे १९८९ चे नियम लागू होतात. पहिली पायरी म्हणजे संस्थेची जैवसुरक्षा समिती, म्हणजे आयबीएससी. तिच्यात जैवतंत्रज्ञान विभागाचा प्रतिनिधी आणि एक डॉक्टर असतो. तुम्ही नवउद्योगांना जागा देणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये असाल, तर त्यांच्या समितीतून काम होईल का, हे आधी विचारा. त्यावर आरसीजीएम (जैवतंत्रज्ञान विभागाची जनुकीय बदल तपासणारी समिती) आणि व्यावसायिक उत्पादनासाठी पर्यावरण मंत्रालयाची जीईएसी (जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समिती). इथे २० लिटर हा आकडा लक्षात ठेवा. त्यापुढचं फर्मेंटेशन 'मोठ्या प्रमाणावरचं' धरलं जातं, म्हणून ५० लिटरचा फर्मेंटर मागवण्याआधीच समितीसमोर जा. यजमान जिवाणूचा इतिहास, घातलेल्या जनुकाचा नकाशा, प्रतिजैविक-प्रतिरोधी जनुक शिल्लक आहे का आणि वापरलेला द्राव निर्जीव कसा करणार, हे प्रश्न येणारच.

पैसा. बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची 'बिग' योजना ५० लाख रुपयांपर्यंत, १८ महिन्यांपर्यंत मदत देते. अर्ज साधारणपणे जानेवारी आणि जुलैमध्ये मागवले जातात. भारतीय नागरिक वैयक्तिक अर्ज करू शकतो. कंपनी असेल तर ती नवी आणि किमान ५१ टक्के भारतीय मालकीची हवी. लागणारे कागद: नोंदणी प्रमाणपत्र, सीए किंवा कंपनी सेक्रेटरीने प्रमाणित केलेला भागधारकांचा तक्ता, भारतीय भागधारकांच्या पासपोर्टच्या प्रती, स्वतःची प्रयोगशाळा किंवा इन्क्युबेटरशी केलेला करार. नेमके निकष दर वेळच्या जाहिरातीत वाचा. पुण्याचं व्हेंचर सेंटर या योजनेचं भागीदार आहे, तिथे अर्जाआधी बोलून घेता येतं.

ही योजना कल्पना सिद्ध करण्यासाठी आहे, कारखाना बांधण्यासाठी नाही. 'हजार लिटरचा प्लांट उभारू' असं लिहिलेला अर्ज तिथे चालत नाही. टप्पे आकड्यांत लिहा: ५ लिटरमध्ये प्रति मिली किती युनिट, किती तासांत, किती बॅचमध्ये तेच उत्पादन पुन्हा आलं, गाळल्यावर किती टक्के एंझाइम हातात राहिलं. शेवटचा आकडा बहुतेकजण विसरतात आणि तिथेच खर्चाचं गणित मोडतं. पुढच्या टप्प्यासाठी बायरॅकच्याच एसबीआयआरआय आणि बीआयपीपी या योजना आहेत. त्यांच्या अटी वेगळ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बायोई३ या जैव-उत्पादनाच्या धोरणात एंझाइम प्राधान्याच्या यादीत आहेत, तेव्हा त्याखालच्या जाहिरातींवरही नजर ठेवा.

कारखाना. बांधकामाआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेसाठी संमती आणि उत्पादनाआधी चालवण्यासाठी संमती. सोबत एमआयडीसीचं वाटपपत्र किंवा बिगरशेती झालेल्या जमिनीचे कागद, प्रक्रियेचा आराखडा, पाण्याचा ताळेबंद, सांडपाणी प्रक्रियेची रचना आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला. शुल्क गुंतवणुकीवर ठरतं. 'आम्ही रसायनं वापरत नाही' म्हणून स्वतःला कमी प्रदूषणकारी ठरवू नका. साखर आणि प्रथिनांनी भरलेल्या वापरलेल्या द्रावाचा सीओडी (सांडपाण्यातल्या घाणीचं एक माप) चांगलाच जास्त असतो आणि अधिकाऱ्यांना ते ठाऊक असतं. निर्जंतुकीकरणाला वाफ लागते, म्हणजे बाष्पकाची नोंदणी आलीच. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आराखडा देताना पावडर हाताळण्याची जागा वेगळी दाखवा. प्रोटिएजची धूळ श्वासात गेल्याने कामगारांना दमा झाल्याचं १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून माहीत आहे. म्हणूनच डिटर्जंट उद्योग धूळ न उडणाऱ्या दाण्यांकडे वळला.

डिटर्जंट, कातडी किंवा कापड यांसाठी एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) गरज नाही. तेच एंझाइम चीज किंवा बेकरीला विकायचं ठरवलंत, तर परवाना हवा आणि एंझाइम त्याच्या स्रोत-जिवाणूसह एफएसएसएआयच्या यादीत आहे का, हे पाहावं लागतं. नसेल तर २०१७ च्या नियमांखाली वेगळी मंजुरी. सुरक्षिततेच्या चाचण्यांचा खर्च तिथे जड होतो, म्हणून ग्राहक कोण हे जिवाणू निवडतानाच ठरवा.