मॅकनेअर आणि प्रेप: नाव ‘पोस्टबॅकलॉरिएट’, पण टप्पे दोन

अमेरिकेत विज्ञानात पीएचडी करणाऱ्यांमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि तिथल्या मूळ रहिवाशांची मुलं लोकसंख्येच्या मानाने फार कमी दिसतात. हे चित्र बदलायला निघालेल्या दोन सरकारी कार्यक्रमांच्या नावात ‘पोस्टबॅकलॉरिएट’, म्हणजे पदवीनंतरचा, हा शब्द आहे. घोळ होतो तो त्यामुळेच.

मॅकनेअर कार्यक्रम नावाने पदवीनंतरचा असला, तरी त्यात घेतात ते पदवीचं शिक्षण चालू असलेल्या मुलांना. प्रेपमध्ये, म्हणजे ‘पोस्टबॅकलॉरिएट रिसर्च एज्युकेशन प्रोग्रॅम’मध्ये, पदवी हातात पडल्यावरच जाता येतं.

रोनाल्ड मॅकनेअर हा अंतराळवीर. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, दक्षिण कॅरोलायनातल्या लेक सिटीच्या वाचनालयात त्याला पुस्तकं नाकारली गेली, कारण तो काळा होता. तो तिथेच बसून राहिला. पोलीस आले, आई आली, आणि रोनाल्ड पुस्तकं घेऊनच घरी गेला. १९७६ मध्ये त्याने एमआयटीतून भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवली. १९८६ च्या चॅलेंजर अंतराळयानाच्या दुर्घटनेत तो गेला. त्याच्या नावाचा हा कार्यक्रम अमेरिकेचं शिक्षण खातं चालवतं. विषयाची अट नाही, विज्ञानाइतकाच इतिहासही चालतो. किमान दोन तृतीयांश मुलं कमी उत्पन्नाच्या घरातली आणि आईवडिलांपैकी कुणीही पदवीधर नसलेली असावी लागतात.

अशा घरात विज्ञानाच्या पीएचडीला बहुतेक ठिकाणी फी भरावी लागत नाही, उलट दरमहा पैसे मिळतात, हे सांगणारं कुणी नसतं. सुट्टीत दुकानात काम करणं भाग असतं, मग प्रयोगशाळेत जाणार कधी? मॅकनेअरचं विद्यावेतन त्यासाठीच आहे. शिवाय उन्हाळाभर ज्या प्राध्यापकाने एखाद्या मुलीचा प्रयोग चारदा फसताना आणि पाचव्यांदा तिला तो नव्याने मांडताना पाहिलंय, त्याचं शिफारसपत्र नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा कितीतरी वजनदार असतं.

प्रेप मात्र एनआयएचच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला निधी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या पैशावर, फक्त जैववैद्यकीय आणि त्याला लागून असलेल्या विषयांसाठी. पदवी होऊन ३६ महिने उलटायच्या आत अर्ज करायचा. मग वर्ष-दोन वर्षं पगारी संशोधन, कामाचा सुमारे तीन चतुर्थांश वेळ प्रयोगशाळेत, उरलेल्या वेळात एखादा अभ्यासक्रम आणि पीएचडीच्या अर्जांची तयारी. शेवटी नवी पदवी मिळत नाही, आणि इथेच पालक बिचकतात. पण संशोधन म्हणजे काय हे ज्याला पदवीच्या शेवटच्या वर्षी कळलं, त्याच्यासाठी प्रेपमधला काळ वाया जात नाही, असं मला मनापासून वाटतं. तरी निवड करायची वेळ आली तर मी मॅकनेअरच्या बाजूने: मदत वेळेवर पोचली तर पुढची वर्षं वाचतात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या आपल्या मुलांना दोन्ही दारं बंद आहेत. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. तिथेच वाढलेल्या, पण आईवडिलांची पदवी नसलेल्या बेताच्या घरातल्या मराठी मुलांना मॅकनेअर खुला आहे. मात्र २०२५ पासून अशा कित्येक कार्यक्रमांचा सरकारी निधी थांबवला गेलाय, म्हणून तुम्हाला हव्या त्या विद्यापीठात मॅकनेअर किंवा प्रेप यंदा चालू आहे का, हे अर्जाआधी फोन करून विचारा.