तिशीनंतरची मोफत बीपी-शुगर तपासणी: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते लागतात?

आधीच सांगतो, या तपासणीसाठी कुठेही अर्ज करावा लागत नाही. तरीही कागदपत्रांची पिशवी घेऊन उपकेंद्राच्या दारात "साहेब, फॉर्म कुठे मिळेल?" असं विचारणारी माणसं नेहमी दिसतात. फॉर्म असतो, पण तो भरायचं काम आपलं नसून आशाताईंचं असतं.

केंद्र सरकारने २०१० मध्ये असंसर्गजन्य आजारांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ही तपासणी त्याच कार्यक्रमाचा भाग आहे. वय ३० पूर्ण झालेल्या प्रत्येकाला ती करून घेता येते. उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्डाचा रंग कोणी बघत नाही. अंगात काही त्रास असायला हवा अशीही अट नाही, उलट काहीच त्रास नसणाऱ्यांसाठीच ती आहे. वाढलेला बीपी वर्षानुवर्षं जाणवत नाही, हीच तर त्याची खोड. बीपी आणि शुगर दरवर्षी तपासतात. तोंडाच्या कर्करोगाची तपासणी ५ वर्षांतून एकदा होते. स्त्रियांची स्तनाची आणि गर्भाशयमुखाची तपासणीही ५ वर्षांतून एकदाच असते.

आता तो फॉर्म. त्याला सीबॅक म्हणतात. आशाताई घरी येऊन तो भरतात. त्या आल्या नसतील तर आपणच आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं. वय, तंबाखू, रोजची दारू, कमरेचा घेर, आठवड्याचा व्यायाम आणि घरात आई-वडील किंवा भावंडांना बीपी, शुगर, हृदयविकार आहे का, या प्रश्नांना गुण असतात. कमरेची टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून लावायची. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईचा ८० च्या वर गेला की गुण लागायला सुरुवात होते. टेप दिसली की पोट आत घेणारे महाभाग प्रत्येक गावात असतात. त्यांनी फसवलं फक्त स्वतःला!

उदाहरण घ्या. रोज तंबाखू खाणारा माणूस, २ गुण. कंबर ९४ सेंटिमीटर, १. आठवड्याला १५० मिनिटंही चालणं नाही, आणखी १. वडिलांना शुगर, २. वयाचे गुण न धरताच ६ झाले. बेरीज ४ च्या वर गेली की अशा व्यक्तीला तपासणीला आधी बोलावतात. कमी गुण असलेल्यांचीही तपासणी होतेच, गुणांमुळे फक्त क्रम ठरतो. मिश्री लावणाऱ्या बायका तंबाखूच्या प्रश्नाला सर्रास "नाही" म्हणतात. मिश्री म्हणजे तंबाखूच, तेव्हा तिथे "हो" सांगा.

कागदपत्रं नावापुरतीच. आधार आणि मोबाईल सोबत असला की नोंद लवकर होते. १४ अंकी आभा क्रमांक असेल तर तोही द्या, नसेल तर तिथेच काढून देतात. पण आभा ऐच्छिक आहे, नाही म्हणून तपासणी अडत नाही. इथे नावांचा घोळ भरपूर होतो: आभा म्हणजे आपल्या आरोग्याच्या नोंदींचा क्रमांक, आयुष्मान कार्ड म्हणजे ५ लाखांच्या उपचारांचं संरक्षण आणि आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणजे तो दवाखाना. तपासणीसाठी यातलं कार्ड लागतच नाही. आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट मात्र जरूर न्या.

शुगर बोटाला टोचून, एका थेंबावर बघतात, त्यासाठी उपाशी जायची गरज नाही. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, चढण चढून आल्या आल्या हात पुढे करू नका. गर्भाशयमुखाची तपासणी ३० ते ६५ वयोगटासाठी आहे आणि पाळीच्या दिवसांत करत नाहीत.

खरी गळती होते ती यानंतर. बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त आला, किंवा शुगर १४० च्या पुढे गेली, की वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जायची चिठ्ठी मिळते. एवढ्यावरून आजार ठरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी पुन्हा मोजतात, रक्त उपाशीपोटी तपासतात आणि मगच निदान होतं. या रक्ततपासणीला मात्र रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास काही न खाता जायचं. पण पेरणीचे दिवस, मजुरी बुडणं, "मला काय झालंय?", अशा कारणांनी ती चिठ्ठी बऱ्याचदा देवघरातल्या खणातच राहते. गोळ्या सुरू झाल्या आणि आजार आटोक्यात आला की पुढच्या महिन्याच्या गोळ्या उपकेंद्रातच समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडून मिळतात, दरवेळी लांब जावं लागत नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत.

गुण जास्त पण बीपी-शुगर ठीक, अशांना गोळ्या देत नाहीत. त्यांना आहार-व्यायामाचा सल्ला देतात, केंद्रावरच्या योगवर्गाला बोलावतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासतात. तंबाखू सोडायचा असेल तर १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक आहे. चिठ्ठी हरवली तरी घाबरायचं कारण नाही, नोंद पोर्टलवर असते. आशाताईंना गाठा आणि केंद्रात कोणत्या वारी यायचं ते विचारून घ्या.