फिरत्या शेतीने जंगल कायमचं संपतं का?

“जाळून शेती केली की तिथलं जंगल कायमचं गेलं,” हे सोलापुरात वृक्षारोपणाच्या भाषणांत हमखास ऐकायला मिळतं. ते चूक आहे.

ईशान्य भारतातल्या झूममध्ये, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीत, एक-दोन वर्षं पीक घेऊन तुकडा सोडतात. बुंधे उपटलेले नसले तर पावसात त्यांना धुमारे फुटतात. वटवाघळं, पाखरं बिया आणतात. आधी उन्हात झपाट्याने वाढणारी झाडं येतात, सावलीतली मागाहून. अमेरिका खंड आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सोडलेल्या जमिनींवरचा २०२१चा अभ्यास सांगतो: माती १० वर्षांच्या आत सावरते, जंगलाची रचना आणि प्रजातींची विविधता २५ ते ६० वर्षांत, पण जैवभार (झाडाझुडपांचं एकूण वजन) आणि मूळ प्रजातींचं प्रमाण परतायला १२० वर्षांहून अधिक लागतात. म्हणजे हिरवं दिसलं की जुनं जंगल आलं, हेही खोटंच.

बिघडतं ते घाईमुळे. पूर्वी २०-३० वर्षं पडीक राहणारी जमीन आता अनेक ठिकाणी ३-५ वर्षांत पुन्हा जाळली जाते. बुंधे मरतात, मातीतला बियांचा साठा आटतो, रानमोडी हे परकं तण माजतं आणि वाळलं की पेटतं. जवळ जुनं जंगलच उरलं नसेल तर बी येणार कुठून?

हा हिशोब सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळाला मात्र लावू नका. ते तोडलेलं जंगल नव्हे. कमी पाऊस आणि उथळ मातीवरचं ते मूळचंच गवताळ रान आहे. तिथे झाडांची गर्दी केली तर माळढोक पक्ष्याचा अधिवासच मोडतो.