आधी निकाल, मग सुनावणी

पोळा झाला, कपाशीला पात्या-फुलं धरली की आमच्या गावच्या पानठेल्यावर एक वाद हमखास रंगतो. गुलाबी बोंडअळी कोणाच्या चुकीनं आली? यंदाही एका काकांनी खर्रा घोटता घोटताच निकाल देऊन टाकला, "ज्यायनं ते दुसरं पाकीट बांधावर फेकलं, त्यायनंच गावाचं वाटोळं केलं."

पूर्वी बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कपाशीच्या 450 ग्रॅम बियाण्यासोबत 120 ग्रॅमचं साध्या, बिगर-बीटी कपाशीचं पाकीट यायचं. अळी बीटीला निर्ढावू नये म्हणून ते वावराच्या कडेनं लावायचं असे; लावत कमीच जण. गुजरातेत बोंडअळी बीटीला दाद देत नसल्याचं 2010 मध्ये जाहीर झालं आणि 2017 च्या हंगामात विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली. काकांचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. पण कोणी म्हणालं, पाकीट लावणाऱ्यांचीही कपाशी गेली, तर काका फरदडीवर, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी वावरात ठेवण्यावर घसरले. तिथं अडवलं तर पुढच्या पिढीच्या आळशीपणावर. कारणं बदलत गेली, निकाल जागचा हलला नाही.

जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 2001 मध्ये हेच मांडलं होतं. बरं-वाईट ठरवताना मन बहुतेक वेळा आधी निकाल लावतं आणि सुनावणी नंतर घेतं. ती बुद्धीकडूनच, पण तोवर बुद्धीनं वकीलपत्र घेतलेलं असतं.

वाद थंडावावा म्हणून मी ठेल्याच्या फळीवर खडूनं तीन आकडे लिहिले: 2, 4, 6. हे एका नियमात बसतात. तुम्ही असेच तीन-तीन आकडे सांगा, मी हो-नाही म्हणतो, खात्री झाली की नियम सांगा. बारावीतला एक पोरगा पुढं सरसावला. 8, 10, 12? हो. 20, 22, 24? हो. 100, 102, 104? हो. "दोन-दोननं वाढते, सोपं आहे." नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1960 मध्ये लंडनला 29 विद्यार्थ्यांपुढं हाच खेळ मांडला होता. पहिल्याच दणक्यात बरोबर नियम सांगणारे निघाले 6. बाकीचे आमच्या पोरासारखेच, मनातल्या नियमाला होकार मिळेल असेच आकडे विचारत राहिले. तो नियम मोडणारा आकडा विचारून पाहावा, हे सुचणंच अवघड.

कोपऱ्यात चहा पिणारा एक जण तोवर गप्प होता. तो म्हणाला, "5, 4, 3 चालते का?" नाही. "मंग 1, 7, 50?" चालते. "चढते आकडे पायजे फक्त!" बरोबर. यानं काही ज्ञानाच्या ओढीनं विचारलं नव्हतं. पोरगा फार शहाणपणा करतो, त्याला खाली पाडायचं, एवढाच हेतू. आणि खुसपट काढायच्या त्या खोडीतूनच उत्तर निघालं.

ह्युगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर या संशोधकांचा 2011 चा सिद्धान्त याच खोडीवर उभा आहे. आपल्या मताची तपासणी करायला माणसाची बुद्धी आळशी, दुसऱ्याच्या मताची करायला भारी तल्लख. म्हणून ती एकट्यापेक्षा चारचौघांत बरी चालते. मॉशमन आणि गाइल यांनी 1998 मध्ये वेसन यांचंच पत्त्यांचं एक कोडं विद्यार्थ्यांना घातलं. एकेकट्यानं सोडवणारे 10 टक्केसुद्धा नव्हते. पाच-सहा जणांच्या गटांत मात्र चारातल्या तीन गटांना उत्तर सापडलं. अर्थात गटात मतभेद हवा. निवडणुकीच्या दिवसांत एकाच पार्टीचे दहा जण ठेल्यावर जमले की काय होतं, ते आपण पाहतोच. प्रत्येक जण येताना होता त्यापेक्षा कडक होऊन घरी जातो.

मग मी काकांना विचारलं, बीटीनं अळी मरते कशी? "औषध राह्यते ना बियाण्यात." पुढं? पुढं शांतता. आपल्या सगळ्यांचं असंच असतं. येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि काइल यांनी 2002 मध्ये लोकांना कुलूप, पँटची चेन अशा वस्तू कशा चालतात ते पायरीपायरीनं लिहायला लावलं. लिहून झाल्यावर लोकांनी स्वतःच्या समजुतीला दिलेले गुण स्वतःच कमी केले. शेंडगावात 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात माणसांना वऱ्हाडीत प्रश्नामागून प्रश्न विचारायचे आणि उत्तर समोरच्याच्याच तोंडून काढायचे. मला हे दोन्ही एकाच जातीचे प्रयोग वाटतात.

बीटी कपाशीत एका जिवाणूचं प्रथिन तयार होतं. अळीच्या आतड्यात ते आवरणाला चिकटून भोकं पाडतं. काही अळ्यांत चिकटायची ती जागाच बदललेली असते. पण हा गुण आई-बाप दोघांकडून आला तरच अळी तगते. म्हणून साधी झाडं हवीत. त्यांच्यावर वाढलेले साधे पतंग त्या चिवट पतंगांशी जुळले की पिल्लं पुन्हा बीटीनं मरतात. आता हे साधं बियाणं पिशवीतच मिसळून येतं.

काकांनी खर्रा गालात सरकवला. "म्हंजे साध्या झाडाची बोंडं अळीनं खायाचीच?"

"हाव."

"नुकसान कोणाचं?"

"ज्याचं वावर त्याचं."

"अन् फायदा?"

"साऱ्या गावाचा."

काका बराच वेळ फळीवरचे आकडे पाहत राहिले. "मंग मी फेकलं पाकीट, त काय चुकलं माह्यं?"

ठेलेवाल्यानं न विचारताच चहाचं आधण पुन्हा चढवलं.