हूडिया

हूडिया : रुईच्या कुलातील, पाने नसलेली, काटेरी व रसाळ खोडाची वनस्पती. दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातील कोरड्या पठारांवर ती वाढते. या प्रजातीत डझनाहून अधिक जाती आहेत. ‘भूक मारणारी वनस्पती’ म्हणून जगभर गाजली ती त्यांपैकी एक, हूडिया गॉर्डोनी. पुढची नोंद मुख्यतः तिच्याविषयी आहे. दक्षिण आफ्रिकेतील सान लोक (बाहेरचे जग त्यांना बुशमेन म्हणत आले) लांबच्या शिकारीवर असताना तिचे खोड चघळत. या एका सवयीतून १९९५ ते २००८ या काळात पेटंट, मोठ्या कंपन्यांचे करार, बनावट गोळ्यांचा बाजार आणि जगभर दाखला म्हणून दिला जाणारा लाभवाटपाचा करार, असे बरेच काही घडले. वजन कमी करणारे औषध मात्र घडले नाही.

दिसण्यावरून हूडियाला सर्रास निवडुंग म्हटले जाते. तो गैरसमज आहे. निवडुंगाचे कुल जवळजवळ सगळे अमेरिका खंडांतले, आणि हूडियाची सोयरीक रुई-मांदाराशी, आपल्याकडच्या हरणदोडीशी. वाळवंटात पाणी साठवायचे, पाने टाकून द्यायची आणि काटे धारण करायचे हा मार्ग दोन वेगळ्या घराण्यांनी आपापला शोधून काढला, म्हणून ती दिसायला भावंडे वाटतात.

नाव. दक्षिण आफ्रिकेतील बोलीभाषांत अशा रसाळ वनस्पतींना ‘घाप’ म्हणतात. हा शब्द तिथल्या मूळच्या खोईखोई लोकांच्या भाषांतून, डचपासून घडलेल्या आफ्रिकान्स भाषेत आला. हूडियाची चव कडू म्हणून ती ‘बिटरघाप’, आणि बबून माकडांवरून ‘बॉबेयानघाप’, म्हणजे माकडाची घाप. सान लोकांचे नाव ‘खोबा’ असे लिहिले जाते, पण त्याच्या आरंभी जिभेने टाळूवर काढायचा जो ‘टक्’ असा आवाज आहे तो देवनागरीत उतरवता येत नाही. शास्त्रीय नावातला ‘गॉर्डोनी’ हा भाग केप वसाहतीतील डच सैन्याचा अधिकारी रॉबर्ट जेकब गॉर्डन याच्यावरून आला. १७७० च्या दशकाअखेर ऑरेंज नदीच्या परिसरात फिरताना त्याने या वनस्पतीचे चित्र काढले होते. लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानासाठी झाडे गोळा करणाऱ्या फ्रान्सिस मॅसन याने पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस तिचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रजातीचे ‘हूडिया’ हे नाव हूड नावाच्या, रसाळ झाडे जोपासणाऱ्या एका इंग्रज हौशी माणसावरून पडले. ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या चघळली त्यांची खूण लॅटिन नावात कुठेच नाही.

वर्णन. झुडूप साधारण एक मीटरपर्यंत उंच होते. बुंध्यापाशी फुटून त्याची अनेक खोडे होतात आणि जुन्या झाडाला पन्नासच्या आसपास खोडे असू शकतात. खोड करड्या-हिरव्या रंगाचे, उभ्या कंगोऱ्यांचे असते आणि कंगोऱ्यांवरच्या प्रत्येक उंचवट्यावर एक कडक काटा असतो. ऊन ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले तरी ते तग धरते, थोडी गोठणही सोसते. इतर अनेक मरुवनस्पतींप्रमाणे हूडियाची रंध्रे रात्री उघडतात. कार्बन डायऑक्साइड रात्री घेऊन ठेवायचा आणि दिवसा, रंध्रे बंद ठेवून, त्याचे अन्न करायचे. त्यामुळे उन्हात पाणी वाया जात नाही. रोप लहान असताना ते बहुधा दुसऱ्या एखाद्या झुडपाच्या आडोशाला वाढते. पुढे हूडिया मोठी होते आणि आडोसा देणारे झुडूप अनेकदा मरून गेलेले असते.

फुले पाहण्यासारखी, पण वास घेण्यासारखी नव्हेत. ५ ते १० सेंमी. व्यासाची, बशीसारखी पसरट आणि मांसाच्या रंगाची ही फुले खोडाच्या शेंड्याकडे झुबक्याने येतात. त्यांना सडक्या मांसाची दुर्गंधी येते आणि तीच त्यांची कमाई. माश्या फसून येतात आणि परागांच्या पुंजक्या पायांना किंवा सोंडेला चिकटवून दुसऱ्या फुलावर नेतात. पराग सुटे न ठेवता पुंजक्यांत बांधून ठेवण्याची ही रीत रुईचीही आहे. रुईचे फूल उलगडून पाहिलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. फळे शिंगांसारखी, जोडीने येणारी. ती तडकली की रेशमी झुपका असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. आपल्याकडे मुले जिच्यामागे धावतात ती ‘म्हातारी’ या घराण्याचीच.

भूक मारणे आणि भूक भागणे. मराठीत हे दोन वेगळे प्रयोग आहेत आणि हूडियाचा सगळा इतिहास या दोहोंच्या मधल्या जागेत घडला. सान शिकारी हूडियाचे खोड कापून घेत, काटे व साल काढून आतला गर खात. विषारी बाण लागलेल्या हरणाचा माग काढत एक-दोन दिवस चालायचे असेल, वाटेत खाणे-पाणी मिळण्याची खात्री नसेल, तेव्हा तहान-भूक लांबवण्यासाठी तिचा उपयोग होई. पोटदुखीसारख्या तक्रारींवरही ती दिली जाई. खोईखोईंपैकी नामा लोक आणि मेंढपाळही ती खात. वनस्पतिशास्त्रज्ञ रूडोल्फ मारलोट यांनी दक्षिण आफ्रिकेच्या वनश्रीवरील आपल्या ग्रंथात घापेच्या एका जातीविषयी, स्थानिक लोक ती अन्नपाण्याच्या जागी वापरतात, अशी नोंद १९३२ मध्ये केली. पुढच्या संशोधकांनी हाच धागा पकडला. इथे लक्षात ठेवायचे ते एवढेच, की शिकारी उपाशी होता, सडपातळ व्हायला निघालेला नव्हता. शिकार हाती लागली की तो पोटभर जेवत असे. भूक मारून वजन उतरवणे ही कल्पना भरल्या ताटासमोर बसलेल्यांची आहे. ती सान लोकांच्या तोंडी घालणे ही पुढच्या जाहिरातदारांची करामत.

पेटंट. दक्षिण आफ्रिकेतील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे तिथल्या सीएसआयआरने, १९६३ मध्ये सान लोकांच्या रानातील खाद्यवनस्पतींचा अभ्यास हाती घेतला. हेतू होता कोणती वनस्पती खाण्याजोगी, कोणती विषारी हे तपासण्याचा. प्रयोगातील प्राण्यांना हूडियाचा अर्क दिल्यावर त्यांचे खाणे घटले. त्या वेळच्या उपकरणांनी त्यामागचा घटक वेगळा करता आला नाही आणि काम रेंगाळले. १९८० च्या दशकात चांगली यंत्रे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि १९९५ मध्ये परिषदेने पेटंटसाठी अर्ज केला. घटकाचे सांकेतिक नाव पी-५७. तो स्टेरॉइड वर्गातील ग्लायकोसाइड आहे, म्हणजे स्टेरॉइडच्या सांगाड्याला साखरेच्या रेणूंची साखळी जोडलेली. १९९८ मध्ये परिषदेने ब्रिटनमधील फायटोफार्म या कंपनीला हक्क दिले आणि फायटोफार्मने ते फायझर या बड्या औषध कंपनीकडे सोपवले. सान लोकांना यातले काहीच कळवले गेले नव्हते.

२००१ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने ही गोष्ट उघडकीला आणली. सान लोक आता शिल्लकच नाहीत असा आपला समज होता, असे त्या वेळी फायटोफार्मच्या प्रमुखांनी सांगितले. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, अंगोला, झांबिया आणि झिम्बाब्वे मिळून सान लोकांची संख्या तेव्हा सुमारे एक लाख होती. परिषदेचे म्हणणे असे, की पूर्ण न होणारी आशा कोणाला दाखवू नये म्हणून आम्ही बोललो नाही.

हूडियाच्या पेटंटसाठी अर्ज झाला त्याच १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचे पेटंट दिले गेले होते, आणि ते १९९७ मध्ये रद्द करवून घेणारी संस्थाही सीएसआयआरच, पण भारताची, रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालची. मराठी वाचकाला हळदीची ती लढाई ठाऊक असते. दोन्हीतला फरक मात्र सहसा सांगितला जात नाही. हळदीच्या बाजूने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून ठेवता आले. खोबाचे ज्ञान तोंडी होते, आणि जे छापील होते ते परक्यांनी लिहिलेले. शिवाय इथे पेटंट घेणारी संस्था परदेशी नसून देशाचीच होती. सान लोकांनी म्हणूनच पेटंट पाडायच्या मागे न लागता त्यात वाटा मागितला.

करार. दक्षिण आफ्रिकेतील सान परिषद २००१ मध्ये स्थापन झाली. तिचे अध्यक्ष पेट्रस वाल्बूई आणि वकील रॉजर चेनेल्स. कालाहारीतील खोमानी सान समाजाला १९९९ मध्ये जमीन परत मिळाली त्या दाव्यातही चेनेल्सच वकील होते. वाटाघाटींनंतर २००२ मध्ये सामंजस्य करार झाला. त्यात पारंपरिक ज्ञान सान लोकांचे असल्याचे संशोधन परिषदेने मान्य केले. मार्च २००३ मध्ये पूर्ण करारावर सह्या झाल्या. संशोधनाचे टप्पे पार होताना संशोधन परिषदेला मिळणाऱ्या रकमेच्या ८ टक्के आणि पुढे विक्रीतून येणाऱ्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) ६ टक्के सान लोकांच्या न्यासाला द्यायचे ठरले.

आकडे नीट वाचायला हवेत. हे ६ टक्के मालाच्या विक्रीचे नव्हेत. कंपनी विकणार, त्यातला लहानसा अंश फायटोफार्मला, त्यातला अंश संशोधन परिषदेला, आणि त्या अंशाचे ६ टक्के सान लोकांना. केरळात अगस्त्यमलै परिसरातील काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा या वनस्पतीपासून औषध तयार झाले तेव्हा, १९९० च्या दशकात, तिथल्या संशोधन संस्थेने परवाना शुल्क व स्वामित्वधन यांचा अर्धा वाटा काणींना देऊ केला होता. त्या मानाने हूडियाचा करार हात आखडलेलाच. तरीही तो अनेक ठिकाणी दाखला म्हणून दिला जातो, कारण ज्ञान कोणाचे हे त्यात लेखी कबूल झाले. प्रत्यक्षात न्यासाकडे टप्प्यांच्या रकमेतून थोडे पैसे आले. विक्रीचे स्वामित्वधन येण्याजोगे उत्पादन बाजारात आलेच नाही.

औषध का झाले नाही. सह्या झाल्या त्याच वर्षी, २००३ मध्ये, फायझरने हक्क परत केले. पी-५७ कारखान्यात तयार करणे अवघड आणि महाग होते. २००४ मध्ये अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत थेट पी-५७ टोचले तेव्हा पुढच्या २४ तासांत त्यांचे खाणे ४० ते ६० टक्क्यांनी घटले. मेंदूतील भूक सांभाळणाऱ्या भागातील पेशींना ऊर्जा भरपूर आहे असे भासते आणि म्हणून भूक दबते, असा त्यांचा तर्क. पण मेंदूत टोचणे वेगळे आणि तोंडाने घेणे वेगळे. जठराच्या आम्लात या संयुगाचे बरेच विघटन होते, असे पुढच्या प्रयोगांत दिसले.

२००४ च्या अखेरीस युनिलिव्हर पुढे आली. वजन कमी करण्याच्या पेयांत व खाद्यांत हूडिया घालायचा तिचा बेत होता. २००८ मध्ये सुरक्षितता आणि परिणाम या दोन्ही कसोट्यांवर हूडिया उतरत नाही असे सांगून तिने काम बंद केले. कारण काय ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून कळले. वजन जास्त असलेल्या ४९ निरोगी स्त्रियांना १५ दिवस अर्क किंवा त्यासारखा दिसणारा निष्क्रिय पदार्थ दिला गेला. दोन्ही गटांच्या खाण्यात आणि वजनात लक्षणीय फरक पडला नाही. उलट अर्क घेणाऱ्यांना मळमळ, उलट्या, त्वचेवर विचित्र संवेदना असे त्रास झाले, रक्तदाब व नाडीचे ठोके वाढले, यकृताच्या कामाशी निगडित असलेले रक्तातील बिलिरुबिन हे रंगद्रव्यही वाढले. ज्यांना आधीच रक्तदाब किंवा यकृताचा विकार आहे त्यांनी हा अर्क टाळावा हे ओघानेच आले.

बाजार मात्र या चाचणीसाठी थांबला नव्हता. २००४ मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात वार्ताहर लेस्ली स्टाल यांनी कालाहारीत जाऊन हूडिया खाल्ली आणि दिवसभर भूक लागली नाही असे सांगितले. पाठोपाठ गोळ्या, चूर्ण, चहा, च्युइंगगम यांचा पूर आला. तपासणीत अनेक उत्पादनांत हूडिया नावालाही सापडली नाही. कशात दळलेला फड्या निवडुंग, कशात नुसती भर. माल खरा असता तरी त्याचा उपयोग नव्हता, तेव्हा ग्राहकाचे नुकसान दोन्ही बाजूंनी सारखेच. तोटा खरा झाला तो रानातल्या झाडांचा. चोरटी तोड वाढल्यामुळे २००४ मध्ये बँकॉकच्या बैठकीत हूडियाच्या सर्व जाती, रानटी वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातल्या गेल्या आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागू झाला. ज्या शेतकऱ्यांनी मागणी पाहून हूडियाची लागवड केली होती ते युनिलिव्हर बाहेर पडल्यावर अडकले.

सान लोकांनी या व्यवहारातून घेतलेला धडा मात्र वाया गेला नाही. २०१७ मध्ये त्यांनी आपल्याकडे येणाऱ्या संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रॉइबॉस या वनस्पतीच्या चहाच्या उद्योगाशी खोईखोई व सान लोकांचा करार झाला. त्यात वाटा ठरला तो शेतावरच्या खरेदी-किमतीवर, दीड टक्का. अंशाच्या अंशाचा हिशेब या वेळी नव्हता.

महाराष्ट्रातील नातेवाईक. हूडियाला मराठी नाव नाही, पण तिच्या जवळच्या दोन वनस्पती आपल्या डोंगरांवर आहेत आणि गंमत अशी की दोघींच्या नावातही माकड आहे. माकडशिंग ही कोरड्या माळांवर, खडकांच्या कपारीत वाढणारी चौकोनी खोडाची वनस्पती. तिची खोडे कच्ची किंवा भाजी करून खाल्ली जातात. चव कडवट-खारट. तिच्याही अर्काच्या गोळ्या भूक कमी करणाऱ्या म्हणून विकल्या जातात. बंगळूरमध्ये झालेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५० जणांचे दोन गट केले. ६० दिवस अर्क घेणाऱ्या गटात कमरेचा घेर व भुकेची भावना कमी झाली, पण निष्क्रिय पदार्थ घेणाऱ्यांच्या तुलनेत वजनात ठळक फरक दिसला नाही.

दुसरी शिंदळ माकुडी. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर आढळणारी ही वनस्पती फक्त महाराष्ट्रात आहे. रसाळ खोडाच्या या साऱ्या गोतावळ्यात नीट पाने असलेली ती एकटीच. एकोणिसाव्या शतकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅलझेल यांनी तिला मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरिया’ असे नाव दिले. फ्रिअर पुढे १८७७ मध्ये केप वसाहतीचे गव्हर्नर झाले, म्हणजे हूडियाच्याच मुलखात जाऊन पोहोचले.