शांतिरक्षण (संयुक्त राष्ट्रे)

युद्ध थांबले असले तरी पुन्हा पेटण्याची भीती असलेल्या प्रदेशात संयुक्त राष्ट्रांच्या वतीने निरनिराळ्या देशांचे सैनिक, पोलीस आणि मुलकी कर्मचारी पाठवण्याची पद्धत. अशा दलाला मराठीत सर्रास शांतिसेना म्हणतात. मात्र १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत गेलेली भारतीय शांतिसेना दोन देशांतील करारानुसार गेली होती. ते संयुक्त राष्ट्रांचे दल नव्हते.

शांतिरक्षण हा शब्द संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत कुठेच नाही. १९४८ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये लष्करी निरीक्षक गेले ते निःशस्त्र. पहिले सशस्त्र दल १९५६ च्या सुएझ संघर्षात उभे राहिले. कल्पना कॅनडाचे परराष्ट्रमंत्री लेस्टर पीअर्सन यांची, तर तिला आकार दिला महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी. पुढे तीन अटी रूढ झाल्या: संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपात, आणि स्वसंरक्षण किंवा सोपवलेल्या कामाचे रक्षण एवढ्यापुरताच बळाचा वापर.

दल पाठवायचे तर सुरक्षा परिषदेच्या १५ पैकी किमान ९ सदस्यांची मते लागतात आणि पाच कायम सदस्यांपैकी कोणीही नकाराधिकार वापरता कामा नये. ठरावात दलाची कार्यकक्षा, म्हणजे मँडेट, लिहिलेले असते. संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे सैन्य नसल्यामुळे यानंतर देशोदेशी तुकड्या मागाव्या लागतात. सैनिकामागे ठरावीक मासिक रक्कम त्याच्या सरकारला मिळते; २०१८ मध्ये हा दर १,४२८ डॉलर ठरला. सदस्य देशांनी वर्गणी थकवली की ही भरपाईही रखडते. खरी अडचण हुकमाची आहे. कागदोपत्री तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतीच्या हाताखाली असते, पण बाका प्रसंग आला की तिचा अधिकारी आपल्या राजधानीला विचारतो. गुन्हा केलेल्या सैनिकाला संयुक्त राष्ट्रे मायदेशी पाठवू शकतात. खटला चालवणे त्याच्या देशाच्या हाती असते. लैंगिक अत्याचारांच्या अनेक तक्रारींत पीडितांना न्याय मिळाला नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

शांतिरक्षणाची नैतिक बाजू समजून घ्यायची तर काँगोकडे वळावे लागते. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड दुसरा याच्या खाजगी मालकीच्या काँगोवर (१८८५–१९०८) जोसेफ कॉनरॅड यांची ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ ही १८९९ ची कथा बेतलेली आहे. तिचा निवेदक साखळदंडातली माणसे पाहतो, हादरतो. पण मरणाला टेकलेल्या मजुराच्या हाती एक बिस्कीट देण्यापलीकडे त्याच्याकडून काही होत नाही. पाहणाऱ्यावर किती जबाबदारी येते, हा वसाहतकालीन कथांतला मोठा प्रश्न आहे. १९७५ मध्ये नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी त्याहून मूलभूत आक्षेप घेतला: अशा कथेत आफ्रिकी माणसाला वाचाच नाही, त्याची भूमी एका युरोपीय मनाच्या पडझडीची पार्श्वभूमी होऊन राहते. शांतिसेनेलाही हे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात.

१९६० मध्ये स्वतंत्र झालेल्या त्याच काँगोत संयुक्त राष्ट्रांचे दल सुमारे २०,००० पर्यंत वाढले. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांच्या निवासस्थानाभोवती त्याचा पहारा होता. लुमुंबा तेथून बाहेर पडले, विरोधकांच्या सैनिकांनी त्यांना पकडले, आणि तेव्हा दलाने हस्तक्षेप केला नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी त्यांची हत्या झाली. गृहयुद्ध टाळण्यासाठी अखेरचा उपाय म्हणून बळ वापरण्याची मुभा परिषदेने दिली ती त्यानंतर, फेब्रुवारीत.

रवांडात संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे सेनापती रोमिओ डॅलेर यांनी ११ जानेवारी १९९४ रोजी दडवलेल्या शस्त्रांची खबर न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवली. धाड घालण्याची परवानगी नाकारली गेली. एप्रिलमध्ये तुत्सी लोकांचा नरसंहार सुरू झाला, १० बेल्जियन सैनिक मारले गेले, बेल्जियमने तुकडी मागे घेतली आणि परिषदेने सुमारे अडीच हजारांचे दल २७० वर आणायचे ठरवले. राजधानी किगालीतील एका तांत्रिक शाळेत सुमारे दोन हजार माणसे बेल्जियन तुकडीच्या आसऱ्याला होती. ११ एप्रिलला तुकडी निघून गेली आणि काही तासांत त्यांतील बहुतेकांची कत्तल झाली. त्याच शहरातील अमाहोरो स्टेडियममध्ये मात्र मूठभर शांतिसैनिक थांबले आणि तेथे हजारो लोक वाचले. शांतिसेनेचा उपयोग काय, या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर सापडणे कठीण.

बोस्नियातील चूक आकड्यांची होती. ‘सुरक्षित क्षेत्रां’साठी सेनाधिकाऱ्यांनी ३४,००० सैनिकांचा अंदाज दिला; परिषदेने ७,६०० मंजूर केले. जुलै १९९५ मध्ये त्यांपैकी स्रेब्रेनित्सा बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडले आणि सुमारे ८,००० पुरुष व मुलगे मारले गेले.

१९९९ मध्ये सिएरा लिओनच्या मँडेटमध्ये नागरिकांचे संरक्षण प्रथमच स्पष्टपणे आले. आता ते बहुतेक मोठ्या मोहिमांत असते. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिण सुदानात लढाई भडकताच संयुक्त राष्ट्रांच्या तळांची दारे उघडली गेली आणि हजारो माणसे आत आली. पण आसरा देणे वेगळे आणि राखणे वेगळे: फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्या तळावरील छावणीत हल्लेखोर घुसले आणि किमान ३० जणांचा बळी गेला.

अशा मोहिमांचे मूल्यमापन करताना एक गल्लत नेहमी होते. शांतिसेना मुळातच बिकट ठिकाणी पाठवली जाते, म्हणून तिच्या ठिकाणी हिंसा जास्त दिसते. हा फरक लक्षात घेऊन केलेल्या अभ्यासांत दल असलेल्या ठिकाणी युद्ध पुन्हा पेटण्याची शक्यता कमी आढळते. पण दलाकडून हानीही होते: हैतीत २०१० मध्ये शांतिसेनेच्या तळावरच्या सांडपाण्यातून पसरलेल्या कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली; संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली ती २०१६ मध्ये. २०२३ मध्ये मालीच्या लष्करी सरकारने संमती काढून घेतली आणि वर्षअखेरपर्यंत दलाला देश सोडावा लागला. तिथल्या सामान्य नागरिकांचे मत त्या निर्णयात कुणी विचारले नव्हते.